बुडख्याचा हिस्सा

झाड विकायचं म्हटलं की गिऱ्हाईक आपल्या दारात येतं. बुडखा काढायचा म्हटलं की आपल्यालाच दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. झाडाचे पैसे मिळतात, बुडख्याला पैसे पडतात. ही गोष्ट लहान पोरालाही कळते, पण हिशेबात ती कुणी धरत नाही. लाकडाचा व्यापारी येतो, बुंध्याला कव घालून बघतो, मान वर करून फांद्या बघतो, आकडा सांगतो. आपण पाचशे वाढवून मागतो, तो दोनशे वाढवतो, चहा होतो, सौदा होतो. एवढ्या बोलण्यात बुडख्याचं नाव एकदाही निघत नाही. करवत चालते ती जमिनीपासून हातभर वर. त्याच्या खाली जे राहिलं ते व्यापाऱ्याचं नसतं, आणि त्या दिवशी तरी ते आपलंही वाटत नाही.

आमच्या परड्यात असे सात बुडखे होते. एक चिंचेचा, तीन बाभळीचे, दोन सुबाभळीचे आणि एक लिंबाचा. थोरल्या पोराला त्या जागेवर मुक्त गोठा करायचा होता. म्हणजे गुरं दाव्याला बांधायची नाहीत, मोकळी सोडायची; एका अंगाला गव्हाण, मधे पाण्याची टाकी, भोवतीनं कुंपण. कर्जासाठी त्यानं इंजिनिअरकडून इस्टिमेट करून आणलं. चांगलं सहा पानांचं होतं. खांब, पत्रे, गव्हाण, जाळी, टाकी, गाड्याचं भाडंसुद्धा त्यात होतं. मी तीनदा वाचलं. बुडखे कुठंच नव्हते.

म्हटलं, "अरं, ह्यात बुडख्यांचं काय?"

तो म्हणाला, "आण्णा, जागा सपाट करून द्यायची आपली जबाबदारी. इस्टिमेट त्याच्या पुढं सुरू होतं."

मला हे वाक्य फार दिवस पुरलं. जगातली बहुतेक इस्टिमेटं सपाट जागेपासनं सुरू होतात. त्याच्या आधीचं कुणी लिहीत नाही. म्हणून मी वही घेतली आणि त्याच्या आधीचं लिहायला बसलो.

बुडखा काढायच्या रीती चार. हातानं, आगीनं, औषधानं आणि यंत्रानं.

हाताची रीत वडिलांनी शिकवली. कुदळ, टिकाव, पहार आणि कुऱ्हाड एवढं सामान. बुडख्याभोवती कमरेइतका खड्डा घ्यायचा. आडवी मुळं उघडी करायची आणि एकेक तोडत जायचं. मग खाली सोटमूळ लागतं. ते तुटेपर्यंत घाई करायची नाही. काही लोक आडवी मुळं तुटली की लगेच साखळी बांधून बैलजोडी जुंपतात. साखळी तरी तुटते, नाहीतर बैल गुडघ्यावर येतो. वडील म्हणायचे, वरनं बघणाऱ्याला बुडखा एक दिसतो, खाली उतरणाऱ्याला दहा दिसतात. जुन्या बाभळीच्या एका बुडख्याला दोन गडी तीन दिवस, असा आमच्याकडचा जुना अंदाज. माणदेशात हातभर मातीखाली मुरूम लागतो, आणि मुळं त्या मुरमात शिरलेली असतात.

आगीची रीत स्वस्त. बुडख्याला भोकं पाडायची, त्यात भुसा आणि गोवऱ्यांचे तुकडे भरायचे आणि धुमसत ठेवायचं. पण मूळ जमिनीच्या आतनं जळत जातं. वर राख दिसते आणि निखारा चार हात लांब गेलेला असतो. आमच्या परड्याला लागून कडब्याची गंज आहे. ती रीत तिथंच खोडली.

औषधाच्या रीती लोकांनी पुष्कळ सांगितल्या. कुणी हिंग भरा म्हणालं, कुणी मीठ, कुणी मोरचूद, कुणी तणनाशक. मिठानं माती नासते. तणनाशकानं फुटवे मरतील, पण मेलेला बुडखाही तिथंच बसून राहतो. मारणं आणि काढणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोठ्याच्या जागेला मेलेला बुडखा काय कामाचा?

एक पाचवी रीतही आहे, तिला रीत म्हणायची का नाही ते तुम्ही ठरवा. काहीच करायचं नाही. आपोआप कुजेल म्हणून वाट बघायची. सुबाभूळ आणि लिंब ह्यांच्याबाबत तर वाट बघण्यात अर्थच नाही, कारण ती मरत नाहीत. तोडलं की फुटतात, परत तोडलं की दुप्पट फुटतात. बाभळीच्या बुडख्यांचं मात्र आम्ही वीस वर्षं बघत आलो. बाहेरचं फिकं लाकूड वाळवीनं चारपाच वर्षांत खाल्लं. आतला तांबडा गाभा तसाच उभा. आणि वाळवी काय एवढ्यावर उपाशी राहते? बुडख्यावरनं ती भिंतीला आली, भिंतीवरनं मागच्या दाराच्या चौकटीला.

राहिलं यंत्र. म्हणजे जेसीबी. मग मी वहीत असं लिहिलं:

जेसीबी सहा तास, तासाला 1,200 प्रमाणं: 7,200
जेसीबीचं येणं-जाणं: 1,000
आत यायला आठ फूट वाट लागते, म्हणून परड्याची भिंत पाडून परत बांधणं: 4,000
खड्डे भरायला मुरूम तीन ट्रॉली, 1,500 प्रमाणं: 4,500
पाण्याच्या पाइपाजवळचा बुडखा हातानं मोकळा करणं आणि खड्ड्यांत पाणी मारून धुम्मस करणं, चार हजेऱ्या, 500 प्रमाणं: 2,000
चिंचेसाठी अर्ज, झेरॉक्स, तालुक्याच्या फेऱ्या: 300
अडचण: 1,000
एकूण: 20,000

ह्यातली दोन कलमं समजावून सांगतो. खड्ड्यांचं कलम लोक विसरतात. बुडखा गेला की तिथं बाळंतिणीच्या खाटेएवढा खड्डा राहतो. नुसती माती लोटून तो भरला, तर पहिल्या पावसात वीतभर खचतो आणि त्यावर केलेला कोबा तडकतो. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. दुसरं कलम चिंचेचं. वृक्षतोडीच्या 1964 च्या कायद्यात चिंच आहे, आंबा, जांभूळ, मोह, हिरडाही आहेत. आमच्या चिंचेच्या बुडख्याला मनगटाएवढे फुटवे होते. शेजारच्या गावात एक निवृत्त वनरक्षक राहतात. त्यांना विचारलं, की हे झाड धरायचं का बुडखा? ते हसले. म्हणाले, 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' म्हणजे काय ते सांगताना बुडख्यालाही झाडातच धरलंय. बांबूसुद्धा होता त्यात, तो 2017 साली काढला. बुडखा अजून आहे. तो कायदा जंगलाचा, आपल्या परड्याचा नाही. पण मला त्यातली समज पटली. जमिनीखालचं अजून जिवंत असताना झाड संपलं असं कसं म्हणायचं? मी अर्ज केला.

जमेच्या बाजूला लिहायला काही नव्हतं. वखारवाला बुडखे घेत नाही. मुळांत दगड-माती अडकलेली असते, करवतीची धार जाते. बंबाला जळण होतं तेवढंच.

आता ह्या वीस हजाराकडं बघून पोरगं पहिल्यांदा काय म्हणालं? "आण्णा, ही झाडं विकून तरी एवढे आले होते का?"

जुन्या वह्या आमच्या घरात आहेत. काढून बघितल्या. चिंच 1995 साली बहिणीच्या लग्नात विकली, 5,500 रुपये. तीन बाभळी आणि दोन सुबाभळी 2003 च्या दुष्काळात गेल्या, बाभळींचे 4,500 आणि सुबाभळींचे 1,500. लिंब विकला नव्हता, त्याच्या चौकटी घरालाच लागल्या. झाले साडेअकरा हजार. साडेअकरा हजाराची झाडं आणि वीस हजाराचे बुडखे! पोरगं म्हणालं, हा तर आतबट्ट्याचा धंदा झाला.

पण असा हिशेब खोटा असतो. 1995 चा रुपया आणि आजचा रुपया एका तागडीत घालता येत नाही. म्हणून मी ते हजेरीत मांडलं. 1995 साली आमच्याकडं गड्याची हजेरी 40 रुपये होती. म्हणजे चिंचेचे पैसे सुमारे 137 हजेऱ्यांचे. 2003 ला हजेरी 60. त्या सहा हजारांच्या शंभर हजेऱ्या. एकूण 237. आणि आजचे वीस हजार म्हणजे पाचशेच्या चाळीस हजेऱ्या. झाडांनी जे दिलं त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यात बुडखे निघतात. झाडं तोट्यात गेली नव्हती. त्यातला सहावा हिस्सा बुडख्याचा होता, तेवढाच बाजूला काढायचा राहिला.

सहावा हिस्सा म्हटल्यावर मला शाळेतला इतिहास आठवला. जुन्या काळी राजा पिकाचा सहावा हिस्सा घ्यायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. राजाला हिस्सा दिला नाही तर तो माणूस पाठवायचा. बुडखा माणूस पाठवत नाही, म्हणून त्याचा हिस्सा द्यायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

पण इथवर आल्यावर खरा प्रश्न पुढं आला. हा हिस्सा द्यायचा कुणी?

पोराचं उत्तर तयार होतं. "काकाला फोन लावा. झाडं विकली तेव्हा घर एकत्र होतं. पैसे सगळ्यांनी खाल्ले. बुडखे मात्र आपल्या वाटणीत आले. निम्मा खर्च त्यांनी द्यावा. ह्यात मागायला लाज कसली?"

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. आमची वाटणी 2008 साली झाली. वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या, बांधावरची झाडं मोजून लिहिली, बैलगाडीची वाट लिहिली, पुढच्या सोप्याचे दोन खण त्याचे आणि मागचं परडं माझं हेही लिहिलं. बुडखे कुणीच लिहिले नाहीत. पंचांनाही सुचलं नाही आणि आम्हालाही नाही. वाटणी ही उभ्या गोष्टींची होते. तोडलेल्या गोष्टींची होत नाही.

पोराचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी त्यावर चार दिवस विचार केला. मला असं वाटतं, की झाड हौसेनं किंवा नफ्यासाठी तोडलं असेल तर त्याचा बुडखा तोडणाऱ्याचा. पण गरजेनं तोडलं असेल, तर त्या गरजेत जे जे होते त्या साऱ्यांचा. 2003 ला वडील जनावरं घेऊन चारा छावणीत राहिले होते. कडब्याची पेंढी सोन्याच्या भावानं मागूनही मिळत नव्हती. त्या वेळी त्यांना कुणी सांगितलं असतं, की बाभळीच्या पैशातला सहावा हिस्सा बुडख्यासाठी ठेवा, तर त्यांनी त्याला छावणीतनं हाकलून काढलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला अक्कल असते, पण फुरसत नसते. त्याचं राहिलेलं काम मागच्यांनी करायचं, म्हणून तर घर असतं.

मग घर म्हणजे कोण? धाकटा तर आहेच. पण चिंच कुणासाठी गेली?

आमच्या घरात गेली तीस वर्षं एक वाक्य बोललं जातं. 'चिंच ताईच्या लग्नाला गेली.' त्यात राग नाही, पण मोजमाप आहे. जणू चिंच तिनं नेली. आता कागद बघा. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीनं हक्क देणारा कायदा 1994 सालीच झाला. ज्यांची लग्नं त्याच्या आधी झाली त्यांना तो लागू नव्हता. ताईचं लग्न 1995 चं. पुढं 2005 साली सगळ्या देशासाठी कायदा आला. वाटणीच्या वेळी ताई तालुक्याला आली, हक्कसोडपत्रावर सही केली, आईनं तिला लुगडं-चोळी केली, आणि संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. आमच्याकडं बहुतेक घरांत असंच होतं. बहिणी सही करतात आणि माहेर राखतात.

म्हणजे बघा हं. चिंचेचे साडेपाच हजार तिच्या नावावर लिहिलेले. आणि चिंचेखालची जमीन आमच्या नावावर. बुडख्याचा हिशेब उकरून काढायचा तर तो बुडख्यापाशी थांबत नाही. एक मूळ तोडलं की त्याच्या खाली दुसरं लागतं. मी धाकट्याकडं बुडख्याचा निम्मा मागितला, तर ताईनं आम्हा दोघांकडं जमिनीचा तिसरा मागावा. माझं मागणं दहा हजाराचं, तिचं किती लाखाचं होईल? पोराला हे सांगितलं तेव्हा ते गप्प बसलं. मग म्हणालं, "मग आत्याला विचारायचं का आधी?"

मला तेच बरं वाटलं. खर्चाला पैसे मागायला नव्हे. ज्या झाडाला तिचं नाव लागलंय, त्याचं उरलेलं काढताना तिला माहीत असावं, एवढ्यासाठी फोन केला. माझ्या मनात होतं, की तिला वाईट वाटेल, ती म्हणेल राहू दे तेवढी आठवण. गोठा सहा फूट सरकवायची तयारीही मी ठेवली होती.

ताई म्हणाली, "काढा की दादा. आठवण म्हणून बुडख्याला काय हळदीकुंकू वाहायचंय? पण लाकूड तेवढं मला धाडा. पावसाळ्यात बंबाला जळण मिळत नाही."

एवढंच बोलली. मी फोन ठेवला आणि वहीत 'अडचण' ह्या कलमापुढं लिहिलं: ट्रॉली, ताईच्या गावापर्यंत, 800. चिंच पहिल्यांदा तिच्या घरी गेली ती अशी. लग्नात गेली होती ती व्यापाऱ्याच्या घरी.

धाकट्याकडं मी पैसे मागितले नाहीत. पण त्यानं सहज विचारलं, परड्यात काय काम चाललंय, तेव्हा आकडाही लपवला नाही. सगळी कलमं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यानं पाच हजार पाठवले. मी घेतले. न मागणं वेगळं आणि नको म्हणणं वेगळं. दिलेलं परत करण्यात मोठेपणा वाटतो, पण त्यानं समोरच्याचा हक्क जातो. ज्या गरजेत तो होता, त्या गरजेचं राहिलेलं काम करायचा त्याचाही हक्क आहे.

बुडखे आमच्या परड्यातले होते म्हणून मी हे लिहितोय, पण तुम्ही गावात फिरून बघा. जिकडं बघाल तिकडं बुडखेच आहेत, नावं वेगळी. पाणी लागलं नाही म्हणून तसेच सोडलेले बोअर आहेत. भोक पाडणाऱ्याला फुटावर पैसे मिळाले, बुजवायचे कुणी दिले नाहीत. आणि मग कुठंतरी एखादं पोर त्यात पडलं की सारा मुलूख टीव्हीपुढं बसतो. मल्चिंगचा फाटका कागद नांगराला गुंडाळून येतो. माणगंगेची वाळू ट्रकातनं गेली, खड्डे नदीत राहिले. वाळू कुणी विकली ते गावाला ठाऊक असतं. खड्डा कुणाचा म्हणून विचारलं, की सगळे आभाळाकडं बघतात. ह्यातलं किती गरजेनं झालं आणि किती हौसेनं, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. गरजेचा बुडखा सगळ्यांनी मिळून उकरू. पण दारात गाडी उभी करण्यासाठी जे तोडलं, त्याचा बुडखा पुढच्यासाठी ठेवायचा, आणि वर आम्ही तुमच्यासाठी काय नाही केलं म्हणायचं, हे मला पटत नाही.

मी दहावीपर्यंत शिकलो, मोठं तत्त्वज्ञान मला सांगता येत नाही. हिशेब तेवढा येतो. आमच्या घरात आता एक रीत केली आहे. बांधावरचं झाड विकलं, की आलेल्या पैशाचे सहा भाग करायचे. पाच खर्चाला, सहावा बुडख्याला. तो भाग वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि त्याच उन्हाळ्यात बुडखा काढायचा. घरात आजारपण असेल, दुष्काळ असेल, तर ह्या रीतीला सुट्टी. मात्र सुट्टी घेतली असं वहीत लिहून ठेवायचं, कशासाठी घेतली तेही लिहायचं. म्हणजे पुढं जो कुणी कुदळ घेऊन त्या जागेवर उभा राहील, त्याला हा बुडखा का राहिला ते कळेल. मागचे लोक आळशी होते का अडचणीत होते, ह्याचा त्याला अंदाज करावा लागणार नाही. आणि खर्च किती येईल तेही आधीच्या वहीत असेल.